सात नंबरची पेटी खाली आहे

लाकडी वॉकी-टॉकीची गोष्ट तुम्ही ऐकली नसेल, तर तुम्ही आमच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाला भेटलेला नाहीत. कुणाचा निरोपसमारंभ असो, कुणाच्या पोराचं बारसं असो, चार जुनी माणसं जमली की ती गोष्ट निघतेच. डोंगरावर नेलेली पेटी उघडली आणि आत वायरलेस सेटच्या जागी आठ लाकडी ठोकळे निघाले, तेही पॉलिशपेपर मारून गुळगुळीत केलेले! मग सगळे पोट धरून हसतात, स्टोअरमधला तो म्हातारा कसा चक्रम होता यावर एकमत होतं आणि आणखी एक प्लेट भजी मागवली जाते. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण त्या गोष्टीचा निम्मा भाग कुणी सांगतच नाही. आणि न सांगणाऱ्यांत पाच महिने मीही होते, हे आधीच सांगून टाकते.

त्या म्हाताऱ्यांना सगळे अण्णा म्हणायचे. कंपनी लहानशी. शर्यती, मोठाली लग्नं, शूटिंग, जिथे फोन लागत नाही किंवा लागून उपयोग नसतो, तिथे आम्ही वायरलेस सेट भाड्याने द्यायचो. जागा राजाजीनगरात. वर ऑफिस, खाली स्टोअर. मी पुण्याहून नवीन आलेली आणि राहायला मारतहळ्ळीला, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. रोज बसमध्ये निम्मा जीव जायचा. पहिल्या दिवशी अशीच कावलेली मी स्टोअरमध्ये उतरले, तर एक गृहस्थ गळ्यात शिंप्याची टेप टाकून आणि कानावर खडू खोचून एका वॉकी-टॉकीचं माप घेत होते. लांबी झाली, मग कंबर, मग मागच्या क्लिपचा फुगवटा. प्रत्येक आकडा तोंडाने म्हणत वहीत लिहीत होते. मी आडनाव सांगितलं, तर मान वर न करता मराठीत म्हणाले, "पुण्याची अक्का काय? स्वल्प थांब. ह्याचं बेतून होऊ दे."

अण्णांचं घराणं शिंप्यांचं. बेंगळूरात कधी आले ते त्यांच्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं म्हणे. वडिलांचं मल्लेश्वरममध्ये दुकान होतं, शाळांचे गणवेश शिवायचं. अण्णा मात्र एका सरकारी कारखान्यात पॅकिंगला लागले, तिथूनच निवृत्त झाले आणि मग आमच्याकडे आले. कारखान्यात ते एकच गोष्ट शिकले असं सांगायचे: सेट बिघडून मरत नाहीत, आपटून मरतात. म्हणून आमचे सगळे सेट जाड प्लॅस्टिकच्या, कडेला रबर लावलेल्या पेट्यांत राहायचे आणि पेटीच्या आत फोम. फोमला ते अस्तर म्हणायचे. फोम ते कापायचे नाहीत, बेतायचे. आधी खडूने आखणी, मग पातळ पात्याने एकाच दमात काप. प्रत्येक सेटला त्याच्या अंगाबरोबर खाच, अँटेना काढून निराळ्या खाचेत, जादा बॅटरी निराळी. दोन सेटच्या मध्ये आणि पेटीच्या कडेला दोन बोटं फोम राहिलाच पाहिजे. दीड बोट राहिला तर तो तुकडा फेकून पुन्हा नवा. सेट ठेवला असं ते कधी म्हणत नसत. सेट निजवला म्हणायचे.

त्यांचं मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू यायचं, मग राग यायला लागला. 'सेट आलं, सेट गेलं, पेटी भरून झालं.' वाक्यावाक्याला कन्नडमधलं सरी, म्हणजे बरं, आणि स्वल्प, म्हणजे जरा. मी सदाशिव पेठेत वाढलेली. मला गप्प बसवेना. "सेट आला म्हणा अण्णा, पेटी भरून झाली म्हणा." ते मान हलवून "आला, झाली" असं शाळेतल्या मुलासारखं म्हणायचे आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा 'आलं, झालं'. दोन वर्षं मी हा उद्योग केला. कित्येक पिढ्या घरात जपलेली भाषा मी दोन वर्षांत सुधारायला निघाले होते, काय म्हणायचं मला! त्यांनी एकदाही वाईट वाटून घेतलं नाही. उलट कुणी ऑफिसात आलं की मला हाक मारून दाखवायचे: ही आपल्यातली, पुण्याची, हिचं मराठी पुस्तकातलं आहे.

पेटी बंद झाली की अण्णा ती उचलून कानाशी धरून हलवायचे. आत खट्ट झालं की संपलं. सगळं बाहेर काढून पुन्हा बेतायला बसायचे. "सेटनं बोलायचं, पेटीनं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा लग्नांचं काम करणारा एक जाडजूड इसम आला आणि एवढ्या अवजड पेट्या कशाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत द्या की, असं म्हणाला. अण्णांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एक सेट चालू करून पेटीत निजवला, कड्या लावल्या, पेटी जिन्याच्या वरच्या पायरीवर नेली आणि पायाने ढकलून दिली. वीस पायऱ्या ती पेटी धडधडत खाली आली. आम्ही सगळे जागच्या जागी थिजलो. अण्णा वरूनच दुसऱ्या सेटवर बोलले, मला पेटी उघडायला लावली, आणि आतून त्यांचा आवाज स्वच्छ आला. ते त्या इसमाला कन्नडमध्ये जेवण झालं का विचारत होते. तो ऑर्डर देऊन गेला. अण्णा मात्र दिवसभर धुमसत होते, पिशवी म्हणतो, पिशवी, असं स्वतःशीच म्हणत.

आणि आता ते ठोकळे. फोमची खाच फार दिवस रिकामी राहिली की कडा फुगतात, आखडतात आणि मग सेट परत आला की नीट बसत नाही, असं अण्णांचं मत होतं. खरं होतं की नाही देव जाणे. कारखान्यात कुणी मानत नव्हतं, इथेही कुणी मानलं नाही. पण सेट दुरुस्तीला गेले की त्यांच्या खाचेत अण्णा बरोबर त्याच मापाचा लाकडी ठोकळा निजवायचे. वजनालाही तेवढाच भरावा म्हणून आत शिसं भरलेलं. ठोकळेवाली पेटी चुकून बाहेर जाऊ नये म्हणून तिच्या मुठीला लाल चिंधी बांधायचे. आमचा ड्रायव्हर, स्टोअरची बाई, मी, सगळ्यांना लाल चिंधीचा अर्थ पाठ होता. वर्षानुवर्षं एकही चूक झाली नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण हसणारे नेमकं हेच विसरतात.

मग नवे साहेब आले. हिंदी बोलणारे, हसतमुख, कुठल्याही गोष्टीला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ न देणारे. त्यांना अण्णांच्या पेट्या डोळ्यांत खुपायला लागल्या. आधी त्यांनी बाजारातला तयार फोम आणला, आत बारीक चौकोनी तुकडे पाडलेले असतात, हवे तेवढे उपटायचे आणि झाली खाच. अण्णांनी तो हातात घेऊन दाबला आणि विचारलं, हा फोम आहे की म्हैसूरपाक? साहेबांना कुणीतरी भाषांतर करून सांगितलं. ते हसले, पण मनात धरलं. पुढच्याच आठवड्यात हुकूम निघाला की पेट्यांवरच्या चिंध्या काढा, क्लायंटसमोर गबाळं दिसतं. अण्णांनी सांगून पाहिलं. मीही मुळमुळीतपणे एकदा बोलले. साहेबांनी हात झटकले: काय रिकामं, काय भरलं हे फोनवर कळवत जा, माणसांना तोंडं आहेत. चिंध्या गेल्या.

पुढच्याच शनिवारी अण्णांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. माझ्या आठवणीत अण्णांनी घेतलेली ती पहिली सुट्टी. रविवारी शहराबाहेरच्या एका डोंगरावर धावण्याची शर्यत होती आणि गाडी शनिवारी सकाळीच भरायची होती. डोंगराच्या मागच्या अंगाला फोन मुळीच लागत नाही. तिथल्या चौक्यांना आमचेच सेट. मी बसमध्ये अडकलेली, आजूबाजूला हॉर्नचा कल्लोळ. अण्णांचा हॉस्पिटलातून फोन आला. "अक्का, सात नंबरची पेटी खाली आहे हं. बाकी सगळं तयार." मी म्हटलं, "बरं." आणि लगेच ड्रायव्हरला फोन करून हिंदीत सांगितलं की सात नंबर नीचे है, ती पण घे.

आमचं अख्खं स्टोअर खालीच होतं. सगळ्याच पेट्या खाली होत्या. तर मग सात नंबर तेवढी खाली आहे असं कुणी फोन करून मुद्दाम का सांगेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

रविवारी मागच्या अंगाच्या चौक्यांवर सात नंबरची पेटी उघडली आणि ठोकळे निघाले. शर्यत तोवर सुटली होती. मल्लेश्वरममधले एक मध्यमवयीन गृहस्थ त्या बाजूला घसरून पडले, नडगीचं हाड मोडलं. चौकीवरच्या मुलीकडे लाकूड. ती बिचारी डोंगर उतरून धावत आली तेव्हा खाली कळलं. ते गृहस्थ दोन तासांवर उन्हात पडून होते. त्याच वेळी कुणीतरी तिच्या हातातल्या ठोकळ्याचा फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला होता आणि लोक हसण्याची चित्रं पाठवत होते. एक माणूस उन्हात कण्हतोय आणि हे हसतायत.

सोमवारी साहेबांच्या खोलीत बैठक झाली, इंग्रजीत. अण्णांना थोडंफार समजायचं. पेटी रिकामी आहे हे कळवलं होतं का, असं साहेबांनी विचारलं. अण्णा म्हणाले, कळवलं. कुणाला? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मला धक्काच बसला. मी ताठ मानेने इंग्रजीत सांगितलं की ह्यांनी मला पेटी खालच्या मजल्यावर आहे एवढंच सांगितलं, रिकामी आहे असं अजिबात नाही.  अण्णा मान खाली घालून म्हणाले, "सरी." बस, एवढंच. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी टेप, खडू आणि पातं पिशवीत टाकलं आणि गेले. साहेबांनी त्यांना थांबा म्हटलं नाही. कुणीच म्हटलं नाही.

मी तर रागाने फणफणत होते. स्वतःची चूक झाकायला म्हाताऱ्याने धडधडीत माझ्यावर ढकललं, वर अक्का अक्का म्हणायचा, या विचाराने मला त्यांच्याबद्दल किळस आली होती. पाच महिने मी हा राग पोसला. दरम्यान पेट्या अडगळीत गेल्या, कापडी बॅगा आल्या, सेटांच्या काचा तडकायला लागल्या, अँटेना वाकायला लागल्या. साहेब म्हणाले, सेटच हलके आहेत हल्लीचे.

मग एका शनिवारी मल्लेश्वरमला गेले असताना मेतकुटाची आठवण झाली. तिथे एका जुन्या मराठी घरातल्या आजी घरगुती चकल्या, पापड, मेतकूट विकतात. मी मेतकूट मागितलं. आजी म्हणाल्या, "मेतकूट खाली आहे." मी म्हटलं बरं, आणि त्या वाकून काउंटरखालून काढतील म्हणून थांबले. त्या थांबल्या. मीही थांबले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. शेवटी मीच म्हटलं, काढा ना मग. त्या वैतागून म्हणाल्या, "अगं खाली आहे म्हणते ना. संपलं. कुठनं काढू?"

मला अण्णांचा हॉस्पिटलातला तो फोन आठवला. हिंदीतला खाली मला माहीत होता. दिवसातून दहा वेळा इडली खाली, दोसे खाली असं कन्नडमध्येही ऐकत होते. पण मराठी माणसाच्या मराठी वाक्यात तो शब्द रिकामा या अर्थाने येऊ शकतो, हे माझ्या पुस्तकी डोक्यात शिरलंच नव्हतं. त्या खोलीत कन्नडवाले होते, हिंदीवाले होते. अण्णांचं वाक्य मी जसंच्या तसं तिथे म्हटलं असतं तर एकूण एक माणसाला कळलं असतं. न कळणारी एकटी मी होते, शुद्ध मराठीवाली. आणि इंग्रजीत भाषांतर करून मी तो शब्दच पुसून टाकला होता.

सोमवारी मी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते खो खो हसले. म्हणाले, अरे वा, गोष्ट आणखीनच मजेदार झाली. मी विचारलं, आता अण्णांना बोलावणार का, सगळ्यांसमोर सांगणार का? त्यांनी घड्याळ पाहिलं. पाच महिन्यांपूर्वीच्या गोष्टीने आता काय फरक पडतो, म्हणाले. मी तिथल्या तिथे ग्रुपवर सगळं सविस्तर लिहिलं, चिंध्यांसकट. चार अंगठे आले आणि एक हसरा चेहरा. त्या हसऱ्या चेहऱ्याला मी आजतागायत माफ केलेलं नाही. राजीनामा त्याच आठवड्यात दिला.

रविवारी राजाजीनगरात अण्णांचं घर शोधत गेले. दार त्यांनीच उघडलं. आत या म्हणाले, बायकोला कॉफी ठेवायला सांगितलं, तिचा डोळा आता कसा झकास झालाय ते सांगितलं. मला बसवेना. उभ्याउभ्याच मी बोलून टाकलं: अण्णा, आमच्याकडे खाली म्हणजे वर-खालीतलं खाली. रिकाम्याला आम्ही रिकामं म्हणतो. मी खोटं बोलले नव्हते, मला कळलं नव्हतं. अण्णांनी ते मनातल्या मनात दोनदा घोळवलं असावं. मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला, पिशवीवाल्या इसमाच्या वेळी झाला होता तसा.

"मग दोन वर्षं मी पेटी खाली, डबा खाली म्हणत होतो तेव्हा तू काय समजत होतीस?"

मी म्हटलं, पेटी तुमच्या पायाशीच असायची अण्णा, जुळून जायचं.

ते हसले नाहीत. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत? मी खोटं बोलत्येय असं तुम्हाला वाटलं ना? मग तिथेच मला उघडं का नाही पाडलंत?

"तू आपल्यातली," अण्णा म्हणाले. "त्या खोलीत मराठी आपण दोघंच. बाहेरच्या चार लोकांत तुला खोटं पाडू काय?"

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं. कॉफी आली, ती गार होऊ देऊ नको म्हणाले. मग सहज सांगावं तसं म्हणाले की त्या पडलेल्या गृहस्थांकडे ते जाऊन आले होते, हॉस्पिटलात. माझ्या पेटीमुळे झालं म्हणून हात जोडून आले होते. मी कप खाली ठेवला. हातापाया पडायला जायला हवं होतं मी, आणि हा माणूस माझ्या वाटची माफी मागून घरी येऊन बसला होता. मी चिडून म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं जायला?

"कुणीतरी जायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "आता तू जा."

त्यांना फक्त कन्नड येतं, अण्णांनी बजावलं, आणि मला समोर बसवून वाक्य शिकवलं. पेट्टिगे खाली इत्तु, पेटी रिकामी होती. अण्णांनी सांगितलं होतं. ननगे अर्थ आगलिल्ल, मला कळलं नाही. मी म्हटलं, "अण्णा हेळिद." त्यांनी हात वर केला. हेळिद म्हणजे म्हणाला, बरोबरीच्या माणसाला म्हणतात. "म्हातारा आहे मी. हेळिद्रु म्हण." मी म्हटलं. पुन्हा म्हणायला लावलं. मी जसं त्यांना 'आला, झाली' म्हणायला लावायचे अगदी तसं, चार वेळा, पाच वेळा, जमेपर्यंत. मग पत्ता लिहून दिला आणि दारापर्यंत सोडायला आले.

मल्लेश्वरममधल्या त्या घराचं दार उघडंच होतं. ते गृहस्थ खुर्चीत बसलेले, काठी भिंतीला टेकवलेली. सूज येते म्हणून पाय समोर स्टुलावर घेतलेला आणि पायाखाली काळा फोम. पोटरीबरोबर खाच, टाचेला निराळी खाच, दोन्ही बाजूंना नेमकी दोन बोटं जाडी. कडेला निळ्या खडूची रेघ अजून पुसली नव्हती. अण्णांनी याबद्दल मला एक अक्षर सांगितलं नव्हतं.

मी हात जोडले आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं. पेट्टिगे खाली इत्तु. अण्णा हेळिद्रु. ननगे अर्थ आगलिल्ल. त्यांना खाली या शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. त्यांनी पायाखालच्या फोमकडे बघितलं आणि शांतपणे एकच प्रश्न विचारला. तेवढं कन्नड मला कळलं. अण्णांनी सांगितलं होतं, तर मग माझी माफी मागायला अण्णा का आले?

याचं उत्तर मला शिकवलेलं नव्हतं.